माश्यांना वारा, गिअरबॉक्सला विसावा

गरौठ्याहून निघालो होतो आणि झाशीच्या वाटेवरचं मोठ गाव अजून बरंच लांब होतं, तेवढ्यात यांच्यासमोरच्या डॅशबोर्डवरच्या काट्यांमध्ये एक पिवळा दिवा लागला. एक दातेरी चाक आणि त्यात थर्मामीटर. मला आधी वाटलं, सीटच्या पट्ट्याचा असेल. "काय झालं?" म्हटलं तर हे काही बोलेनात. यांचं हे असंच. काही मोठं बिघडलं की तोंड शिवून बसतात, आणि मग मला चेहऱ्यावरून ताडत बसावं लागतं.

"गिअरबॉक्सचं तेल तापलंय," शेवटी म्हणाले. "थांबावं लागेल."

"थांबून कसं चालेल?" मी म्हटलं, आणि आम्ही दोघांनीही मागे पाहिलं.

मागे पिकअपच्या हौद्यात मधमाश्यांच्या पेट्या होत्या, आणि त्याच्याही मागे हुकाला जोडलेल्या ट्रॉलीत आणखी पेट्या, मध्ये फळ्या घालून फट ठेवून एकावर एक रचून दोरांनी आवळलेल्या. प्रत्येक पेटीचं दार बंद आणि आत माश्या खच्चून भरलेल्या. चैत्रातलं ऊन चांगलं वर आलेलं. बंद पेटीतल्या माश्या वाऱ्यावर तगून असतात. गाडी चालते तोवर वरच्या जाळीतून वारा आत जातो. गाडी थांबली की पेटी तापते, माश्या घाबरून एकमेकींच्या अंगावर चढतात, त्यानं आणखी तापते, मेण वितळतं, मध सांडतो आणि बघता बघता आतलं सगळं काळ्या चिखलासारखं तळाला बसतं. हे मला यांनीच सांगितलं होतं, तेही जेवताना, मी नको नको म्हणत असताना.

म्हणजे थांबलो तर माश्या मरणार. नाही थांबलो तर गिअरबॉक्स जळणार, गाडी जागच्या जागी उभी राहणार आणि मग माश्या मरणारच. दोन्हीकडून तेच.

आता खरं सांगते, माश्यांशी माझं काही देणंघेणं नव्हतं. मला त्यांची भीती वाटते. बागेत हे पेट्या उघडायचे तेव्हा मी गाडीच्या काचा लावून आत बसायचे. मला काळजी होती ती यांची.

हे रेल्वेच्या डिझेल शेडमधून निवृत्त झाले आणि व्हरांड्यातल्या खुर्चीत जाऊन बसले. लोक म्हणायचे, झालं, आयुष्यभर राबलेत, आता आराम करू द्या. कशाचा आराम? चहा समोर ठेवला की त्यावर साय धरेपर्यंत बघत राहायचे. जेवायचं का विचारलं तर "ठेव" म्हणायचे. पेपर उलटा धरलाय हेसुद्धा मी सांगेपर्यंत कळायचं नाही. डॉक्टरांनी सगळं तपासून बघितलं, सगळं ठीक. एकदा मी म्हटलं, अहो, आज पाडवा आहे, निदान नवा सदरा तरी घाला. तर म्हणाले, काय फरक पडतो. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि मग त्याच रागात एवढी कणीक तिंबली की दोन दिवस पुरली. असे दोन हिवाळे गेले. पुढे कुठल्याशा शेतकी मेळाव्याला शेजारी यांना ओढून घेऊन गेले, आणि येताना हा माणूस मांडीवर माश्यांची पेटी घेऊन रिक्षातून उतरला. दुसऱ्या दिवशी माझ्याआधी उठून दाढी करून तयार. तेव्हापासून खुर्चीवर मी वाळवणाचं सूप ठेवते. या पेट्या गेल्या तर हे पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसतील, आणि या वेळी उठायचे नाहीत, ही माझी भीती होती. त्या पिवळ्या दिव्याकडे बघताना मला ती खुर्चीच दिसत होती.

गाडी ऑटोमॅटिक का, तर यांचा डावा गुडघा बदललेला. क्लच दाबायला नको, म्हणून ही गाडी. माझ्या बिनगिअरच्या स्कूटरवरून मी तीस वर्षं झाशीच्या सदर बाजारातल्या कचेरीत गेले, तेव्हा हे मला चिडवायचे की तुझी ती शिवणयंत्राची गाडी. मग स्वतःवर तीच वेळ आली. पण घेतल्यावर गाडी यांना आवडली. मात्र ट्रॉली ओढायला लागल्यापासून ती कुठेतरी कुरकुर करते आहे असं यांना वाटायचं, आणि मला वाटायचं की शेडमधल्या माणसाला शांत चाललेलं इंजिन सहनच होत नाही.

त्या दिवशी उशीर झाला तोही या शेडच्या सवयीपायी. आमच्या पेट्या गरौठ्याजवळ धण्याच्या शेतात ठेवल्या होत्या. आदल्या दिवशी शेतमालकाचा फोन आला, "भाभीजी, भाईसाहब से कह दो, कल बगल वाले खेत में दवा पड़ेगी. आज ही उठवा लो." औषधाच्या फवारणीनं माश्या मरतात, म्हणून संध्याकाळी त्या पेट्यांत परतल्यावर दारं लावली, शेतातल्या माणसांनी पेट्या चढवल्या, आम्ही त्यांच्याच ओसरीवर पडलो. ठरलं होतं की उजाडायच्या आत निघायचं आणि ऊन तापायच्या आत झाशीच्या पलीकडे शिवपुरी रोडवरच्या बागेत पोहोचायचं. तर पहाटे हे हातोडी घेऊन ट्रॉलीच्या चाकांवर ठोकत बसले. गाडी सोडण्याआधी तपासणी करायचीच. एका चाकाचा आवाज यांना पसंत पडेना. चाक उतरवलं, बेअरिंग काढलं, पुसलं, ग्रीस भरलं, पुन्हा बसवलं. मी म्हणत होते, अहो, सूर्य काही तुमच्या झेंडीची वाट बघत नाही. हे म्हणाले, रस्त्यात चाक निघालं तर काय करशील? ते खरंच होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

तर असा तो दिवा लागला. यांनी गाडी एका बाभळीखाली घेतली. सावली म्हणायला काही नव्हती, पण बाभूळ होती. हात सवयीनं किल्लीकडे गेला, इंजिन बंद. उतरले, बॉनेट उघडलं.

इंजिन बंद झाल्यावर मला मागचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकू आला. आधी नुसतं घुं घुं होतं. बघता बघता ते चढत गेलं. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा ताडताड आवाज यायला लागला. त्या आतून जाळीवर आपटत होत्या.

एक मोटारसायकलवाला थांबला. "अंकल, गरम हो गई? बंद करके आधा घंटा छोड़ दो, अपने आप ठंडी हो जाएगी." त्याला मागे काय आहे ते कळलं आणि तो नमस्कारही न करता निघून गेला.

"आधा घंटा," हे पुटपुटले. अर्धा तास आमच्याकडे नव्हताच. यांनी ट्रॉलीच्या पेटीला कान लावला आणि लगेच परत आले. यांचा हा चेहरा मी त्या शेडमधल्या दिवसांत बघितला होता, कुठे गाडी अडली आणि फोनवर फोन यायला लागले की असा व्हायचा. "चल, बस," म्हणाले.

किल्ली फिरवली तर दिवा तसाच. विझलेलाच नव्हता. "एवढा वेळ बंद होती, तरी कमी कसं झालं नाही?" हे स्वतःशीच म्हणाले. पण गाडी सोडली. वारा सुरू झाला तसा मागचा गोंगाट बसत गेला.

रस्ता अगदीच वाईट. खड्डे चुकवत जेमतेम सायकलच्या वेगानं चाललो होतो. गाडी आपल्या मनानं वरचा गिअर टाकायची, ओझं पेलवेना की खालचा, परत वरचा. ते मला सीटखाली जाणवत होतं, झोप न लागलेलं माणूस कूस बदलतं तसं. पुढे कालव्याचा पूल आला. पुलावर चढताना यांनी पाय दाबला. इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी तिथल्या तिथे. आणखी दाबला, आणखी ओरडलं. गाडी जणू दुसऱ्याच कुणाची होती. पाठोपाठ वास आला, करपलेल्या तेलाचा, कढई चुलीवर विसरल्यावर येतो तो. तशीच रडतखडत पुलावरून उतरली आणि कालव्याच्या कडेला यांनी ती उभी केली.

"संपलं," हे म्हणाले.

मला तो शब्द ऐकवेना. इतक्या दिवसांत हे असं काही बोलले नव्हते. यांचा हात परत किल्लीकडे जाताना बघून माझं डोकंच फिरलं. "मघाशीही बंद करून ठेवलीत, काय झालं? नुसतं ठेवून उकळतं दूध तरी गार होतं का? परातीत पाणी घेऊन त्यात ठेवावं लागतं आणि ढवळत बसावं लागतं. तुमचं ते तेल नुसतंच पडून राहिलं तर गार कुठून होणार?"

हे माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता भांडण होणार, आणि मला ते हवंही होतं. पण यांनी हात मागे घेतला, दांडा 'पी'त म्हणजे पार्किंगला टाकला, इंजिन चालूच ठेवलं आणि खाली उतरून पुढून रस्त्यावर उताणे होऊन गाडीखाली सरकले. बदललेल्या गुडघ्याचा माणूस, डांबरावर. मी ओरडले, पण ऐकतात कुठे. गिअरबॉक्समधून निघालेली एक बारीक नळी यांनी बोटानं धरली आणि ती पुढे पुढे कुठे जाते ते बघत राहिले.

"तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो," खालूनच म्हणाले. "इंजिन बंद केलं की पंप बंद. तेल आतल्या आत शिजत बसलं. आणि गार व्हायला ते येतं ते इथे, पुढच्या..." बोलता बोलता थांबले.

मी पुढे जाऊन बघितलं. गाडीच्या तोंडावर यांनीच बांधलेली हिरवी शेडनेट होती, रोपवाटिकेत बांधतात ती, आणि तीही दुहेरी घडी घालून. कारण असं की मागच्या खेपेला उडणाऱ्या माश्या रेडिएटरच्या पात्यांत अडकून मेल्या होत्या आणि यांनी एक संध्याकाळ चिमट्यानं एकेक काढली होती, जेवायलाही उठले नव्हते. पुन्हा तसं व्हायला नको म्हणून ही जाळी. त्या रेडिएटरच्या पुढेच गिअरबॉक्सचं तेल गार करणारी छोटी जाळी असते. म्हणजे माश्यांना लागू नये म्हणून या माणसानं गाडीचं नाकच बांधून टाकलं होतं. जगात दुसरं कुणी असं करेल का मला माहीत नाही.

मी सुनावलं. काय काय सुनावलं ते आता लिहीत नाही. हे निमूट उठले, पेट्या उघडायच्या लोखंडी पट्टीनं दोऱ्या कापल्या आणि जाळी ओढून कालव्याच्या काठावर भिरकावली.

"आता इंजिन जरा जोरात चालू ठेवायचं, न्यूट्रलमध्ये," हे म्हणाले. "तेल फिरेल, वारा लागेल, दिवा विझेल. पण थोडा वेळ लागणार."

मागे गारा पडायला पुन्हा सुरुवात झाली होती.

"आणि या?"

यांनी ट्रॉलीकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्याकडे. ट्रॉलीवर चढणं यांना शक्य नव्हतं, चढवायला तिथे माणसं नव्हती. माझ्याकडे मात्र हे बघेनात. सांगायचं होतं आणि जिभेवर येत नव्हतं. मला माश्यांची किती भीती वाटते हे या माणसाला पक्कं माहीत होतं. मीच म्हटलं, "काय करायचं ते सांगा लवकर, नाहीतर माझा विचार बदलेल."

तोंडावर बांधायची जाळीची टोपी यांनी मला घातली, गळ्यापाशी घट्ट ओढली. फवारणीचा पाठीवरचा पंप कालव्यातून भरून दिला. "प्रत्येक पेटीच्या वरच्या जाळीवर, बारीक तुषार. धार नको, बुडतील. जिचा आवाज मोठा तिला आधी." आणि हे पायरीवर चढून आत बसले, दार उघडं ठेवून, पाय ॲक्सिलरेटरवर, नजर दिव्यावर. गाडीतला हीटरही पूर्ण सोडला. मी म्हटलं, उन्हानं डोकं फिरलं का तुमचं? तर म्हणाले, इंजिनातली तेवढीच उष्णता इकडून बाहेर निघेल.

साडी खोचून मी ट्रॉलीच्या चाकावर पाय देऊन वर चढले. वय साठीच्या पुढे, पाठीवर पंप, आणि खाली त्या. जवळ गेल्यावर पेटीची धग चुलीसारखी लागत होती. जाळीखाली माश्या एवढ्या दाटल्या होत्या की आतलं लाकूड दिसत नव्हतं. पाणी पडलं तशा त्या किंचित मागे सरल्या, पुन्हा आल्या आणि जाळीला तोंड लावून ते पाणी प्यायला लागल्या. मी हे पहिल्यांदा बघत होते. त्यांना एवढी तहान लागली असेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मला एकदम रडू आलं आणि मी पुढच्या पेटीकडे वळले.

एका पेटीचा कोपरा उचकला होता, तिथून काही बाहेर निघाल्या. मनगटावर एक चावली, मग कोपरावर. मी हात झटकला नाही, झटकला की आणखी येतात हे जेवताना ऐकलं होतं. "आई गं" एवढंच म्हटलं.

"चावली का?" हे आतून ओरडले.

"तुमचं लक्ष दिव्याकडे ठेवा."

"आवाज आहे ना सगळ्यांना?"

मी कान देऊन ऐकत गेले. होता. पण मागच्या बाजूला, तळाच्या रांगेत, एक पेटी होती. तिच्यावर बोटांनी टकटक केली. एरवी टकटक केली की आतून हिस्स करून उत्तर येतं, हे यांच्याकडून ऐकलेलं. काहीच आलं नाही. शेजारच्या पेटीवरही टकटक करून बघितली, तिच्यातून क्षीण आलं. पेटी शांत असणं हे गोंगाटापेक्षा कितीतरी वाईट, हे कुणी न सांगताच कळलं मला. त्या दोन्ही पेट्यांवर मी जरा जास्त पाणी मारलं.

"आहे ना?"

"आहे," मी म्हटलं.

दिवा विझायला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. मला तो दुपारएवढा वाटला. यांनी हॉर्न वाजवला तेव्हा पंपातलं पाणी दुसऱ्यांदा संपत आलं होतं. मी उतरले की पडले कोण जाणे, पण गाडीत बसले. यांनी दांडा हातानं गिअर बदलायच्या बाजूला सरकवला आणि तिसऱ्यात आणून ठेवला. "आता हिला हिच्या मनानं गिअर बदलू द्यायचे नाहीत," म्हणाले. "मघापासून वरखाली करून तेल घुसळत होती." हळूच पाय दाबला. गिअर सुरुवातीला जरा घसरला, मग पकडला आणि गाडी निघाली. बाहेर लाही करणारं ऊन, आत हीटर, काचा उघड्या. यांच्या सदऱ्यातून पाणी निथळत होतं. दोघंही दिव्याकडे बघत होतो, रस्त्याकडे कमी.

मोठला पोहोचलो आणि घोडं अडलं. बाजारात गव्हाच्या ट्रॉल्यांची ही रांग लागलेली, हायवेच्या तोंडापर्यंत. पुढे जायला जागा नाही, मागे वळायला नाही. वारा बंद. यांनी ताबडतोब न्यूट्रल टाकून इंजिन वाढवलं, मी पंप घेऊन उतरले. लोक बघायला लागले. एका बाईनं साडी खोचून भर बाजारात पेट्यांवर पाणी मारत फिरायचं म्हणजे तमाशाच. कुणीतरी म्हणालं, "क्या है इसमें, अम्मा?" मी म्हटलं, "मधुमक्खी. हटो, नहीं तो खोल दूँगी." माझं बोलणं संपायच्या आत पुढच्या ट्रॉलीवाल्यानं आपली ट्रॉली नालीत घातली आणि आम्हाला वाट करून दिली. एरवी हसले असते. त्या दिवशी पंप घेऊन घाईनं गाडीत चढले.

हायवेला लागलो. आता वारा भरपूर होता, पण तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन एवढं ओरडत होतं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. दिवा एकदा लुकलुकला. यांनी वेग कमी केला, दिवा विझला. परत थोडा वाढवला. पाय जरा जास्त पडला की दिवा, जरा कमी पडला की वारा कमी. ते एवढंसं अंतर धरून यांना झाशीपर्यंत जायचं होतं. हाताच्या शिरा तट्ट फुगलेल्या, ओठ पांढरे.

"बघ ना जरा," म्हणाले. "आवाज आहे का?"

मी खिडकीतून मान बाहेर काढली, पदर तोंडावर धरला, मागे कान दिला. गरम वारा कानावर आदळत होता आणि इंजिनाचा ओरडा. बाकी काही नाही. माश्या असतील तर त्या ओरड्याच्या खाली कुठेतरी. नसतील तरी कळायचा मार्ग नव्हता.

"आहे," मी ओरडून सांगितलं.

थोड्या वेळानं पुन्हा, "आवाज आहे ना?" मी पुन्हा मान बाहेर काढली, पुन्हा "आहे." एका पुलावर दिवा लागला आणि विझेना, तेव्हाही विचारलं, आणि मी म्हटलं, "अहो, आहे म्हणते ना." मला मनातून तळाच्या त्या दोन पेट्या दिसत होत्या. आता सगळ्याच तशा झाल्या असतील, आपण नुसती लाकडं ओढत नेतो आहोत, असं वाटत होतं. तरी प्रत्येक वेळी मान बाहेर काढली. नुसतं बसल्या जागी सांगितलं असतं तर यांना कळलं असतं.

झाशी डाव्या हाताला टाकून बाहेरच्या रस्त्यानं शिवपुरी रोडला लागलो, आणि बागेचं फाटक दिसलं. यांनी गाडी आंब्याखाली घेतली, पण इंजिन बंद केलं नाही. चालूच ठेवून उतरले. बागवानानं आणि त्याच्या भावानं भराभर पेट्या उतरवल्या, सावलीत ओळीनं ठेवल्या. हे प्रत्येकीच्या पुढे वाकून दार काढत गेले. पहिल्या पेटीतून माश्या अशा उसळून बाहेर आल्या की हे दोन पावलं मागे सरले. दुसरीतूनही. तिसरी, चौथी. बाग त्या आवाजानं भरून गेली. मी टोपीही घातली नव्हती आणि तशीच उभी होते.

मग तळाच्या रांगेतल्या पेट्या आल्या. पहिलीचं दार काढलं, काही आलं नाही. झाकण उचललं तर मधाचा गोड वास आला, आणि त्याखाली दुसरा. आत सगळं काळं, ओलं, एकमेकांत चिकटलेलं. शेजारचीही तशीच. आणखी एक निघाली, जी मी वाटेत बघितलीच नव्हती. यांनी चिखलात हात घातला, मूठभर वर काढल्या आणि तळहातावर धरून बघत राहिले. मग तिथेच, आंब्याच्या बुंध्याला टेकून, मातीत बसले. डोळे मिटले. हात मांडीवर उघडा, त्यात त्या मेलेल्या माश्या.

मला हे बसणं माहीत होतं. व्हरांड्यात मी दोन हिवाळे ते बघितलं होतं. मीही शेजारी जाऊन बसले. बागवान इंजिन बंद करू का विचारायला आला, त्याला मी हातानंच परत पाठवलं.

डोळे न उघडताच हे म्हणाले, "हायवेला तुला काही ऐकू येत नव्हतं."

मी मनगटावरची सूज चोळली.

"इंजिन एवढं ओरडत होतं, येणार कसं? मला मोठपासूनच माहीत होतं."

मला असा राग आला की सांगू नका. उन्हानं भाजलेला चेहरा, सुजलेलं मनगट, आणि हा माणूस हे आता सांगतोय. "मग मला दहादा मान बाहेर काढायला लावलीत कशाला? विचारत कशाला होतात सारखं?"

"तू 'आहे' म्हणालीस की माझा पाय स्थिर राहायचा," हे म्हणाले. "नाहीतर मी गाडी केव्हाच थांबवली असती."

मी तोंड फिरवलं. समोर बाकीच्या पेट्यांपुढे माश्या घिरट्या घालत होत्या, नवी जागा ओळखून घेत होत्या.

यांनी हातातल्या माश्या हळूच मातीत ठेवल्या, हात सदऱ्याला पुसला आणि माझ्यापुढे केला. "ओढ जरा. यांना पाणी ठेवायचंय, परातीत, आणि बुडू नयेत म्हणून खडे घालायचेत."

जड माणूस आहे. मी दोन्ही हातांनी ओढलं.